फ्यूज शाबूत, म्हणून शॉर्ट नाही?

गॅरेजवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून फिरून येतो. मजकूर साधारण असा: "एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंगचे दिवे एकदम लागले आणि स्कॅनर गाडीशी बोलेना, तर आधी फ्यूज बघा. फ्यूज शाबूत म्हणजे शॉर्ट नाही. मग ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मीटर लावा. ६० ओहम आले की वायरिंग ओके. उरला ईसीयू, तो बदला. घाई असेल तर बॅटरी दहा मिनिटं काढून ठेवा, गाडी रिसेट होते." ओबीडी सॉकेट म्हणजे स्कॅनर जोडायची जागा, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. वाचायला सोपं, गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायला त्याहून सोपं. यातलं ६० ओहमचं वाक्य अर्धंमुर्धं खरं आहे, बाकीच्याला बुड नाही.

फ्यूज सप्लायच्या वायरीवर असतो. गाडीतले छोटे कॉम्प्युटर, म्हणजे मॉड्यूल, ज्या कॅन लाइनवरून एकमेकांशी बोलतात तिच्या कॅन-हाय (पिन ६) आणि कॅन-लो (पिन १४) या दोन वायरींवर तो नसतोच. त्यांच्यावरून फक्त निरोप जातो: लाइन शांत असताना दोन्हींवर २.५ व्होल्ट, निरोप जाताना हाय ३.५ वर चढते आणि लो १.५ वर उतरते. हाय बॉडीला टेकली तर मॉड्यूलमधली ट्रान्सीव्हर, म्हणजे निरोप पाठवणारी-घेणारी चिप स्वतःच करंट आवळून धरते, साधारण १०० मिलिअँपिअरच्या आसपास. १० अँपिअरच्या फ्यूजला त्याची खबरही लागत नाही. गाडी मात्र मुकी.

आता ते ६० ओहम, बॅटरी काढून मोजायचे. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर धरले की ६०. हाय आणि लो एकमेकींना चिकटल्या तर आकडा शून्याजवळ जातो, एक टोक सुटलं तर १२० दिसतात. इथवर मेसेज बरोबर. पण हाय बॉडीला शॉर्ट असली तरी ६ आणि १४ मध्ये मीटर ६०च दाखवणार, कारण त्या मोजणीत बॉडी आलीच कुठे? १२ व्होल्टच्या वायरीला टेकली असली तरी तेच. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत सॉकेटमागे गेटवे, म्हणजे निरोप इकडून तिकडे देणारं मॉड्यूल, बसवलेला असतो. तिथे सॉकेटवरचा आकडा गेटवेपर्यंतच्या तुकड्याचा. इंजिन, ब्रेककडची लाइन त्याच्या पलीकडे.

म्हणून बॅटरी काढलेलीच असताना आणखी दोन मोजण्या घ्या. एक प्रोब ४ नंबरच्या पिनवर, म्हणजे बॉडी अर्थवर; दुसरा आधी ६ वर, मग १४ वर. चांगल्या गाडीत आकडा हजारांत येतो. एकीवर शून्य आणि दुसरीवर ६० आले, तर शून्यवाली बॉडीला टेकलीय. दुसरीवरचे ६० हे त्याच दोन टोकांच्या रेझिस्टरांतून फिरून आलेले. यानंतर बॅटरी जोडून, इग्निशन ऑन करून व्होल्टेज बघा. मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे हाय २.५ च्या जरा वर आणि लो जरा खाली दिसायला हवी. दोन्ही अगदी सारख्या दिसल्या तर एकमेकींना चिकटल्यात, दोन्ही १२ च्या आसपास गेल्या तर कुठेतरी सप्लाय लागलाय. हे करताना बल्बवाला टेस्ट लॅम्प लांबच ठेवा. या लाइनला तो झेपत नाही.

"उरला ईसीयू" हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. स्कॅनरवर यू०१०० आला, म्हणजे इंजिन ईसीयूशी संपर्क तुटला, तर तो कोड कुणी लिहिला ते आधी बघा. लिहिणाऱ्या मॉड्यूलला ईसीयूचा आवाज आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मधली लाइन मेलेली असेल तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव घेणारच. मॉड्यूलमधल्या ट्रान्सीव्हर चिपा बॅटरीचं व्होल्टेज थेट लाइनवर आलं तरी तगतील अशाच बनवलेल्या असतात. शॉर्ट काढला की बहुतेक वेळा सगळी मॉड्यूल जणू काही झालंच नाही अशी बोलू लागतात. आणि नवा ईसीयू आणला तरी इमोबिलायझरचं, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं, कोडिंग आलंच.

मॉड्यूल आतून शॉर्ट होत नाही असं नाही. पाणी शिरलेलं असेल तर होतंही. पण ते शोधायचं कपलर, म्हणजे मॉड्यूलला वायरी जोडणारा प्लग, काढून. मीटर लाइनवर लावून ठेवायचा आणि एकेक कपलर काढत जायचं. ज्याच्या काढण्याने शॉर्ट गेला, तिथे थांबायचं. थांबायचं, ऑर्डर द्यायची नाही! काही गाड्यांत लाइन एका मॉड्यूलच्या कपलरमधून पुढच्याकडे जाते. कपलर काढला की पुढची सगळी शाखाच सुटते, आणि पुढच्या शाखेतल्या शॉर्टचं खापर या मॉड्यूलवर फुटतं. सुटलेल्या हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) पिना वेगळ्या मोजल्या की उलगडा होतो. टोकाचं मॉड्यूल काढल्यावर १२० आले तर घाबरू नका, त्याचा रेझिस्टर त्याच्यासोबत गेला.

वायर तपासायची तर आधी जिथे ती वाकते, घासते किंवा उघडी पडते तिथे. दरवाजा आणि खांबामधली रबरी नळी मागे सरकवली तर कितीदा इन्सुलेशन कड्यासारखं चिरलेलं आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं सापडतं. असा शॉर्ट दरवाजा उघडताना लागतो, बंद केला की सुटतो. उंदरांनी कुरतडलेलं बॉनेटखाली, आणि बाहेरून बसवलेल्या अलार्मचा किंवा ट्रॅकरचा सोलून मारलेला जोड डॅशबोर्डखाली. टेपवाला जोड दिसला की मी तरी आधी तोच उघडतो.

बॅटरी काढल्याने गाडी "बरी" होते, ती अशाच येत्या-जात्या शॉर्टमध्ये. चुका फार झाल्या की मॉड्यूल स्वतःला लाइनवरून बाजूला काढतं. सप्लाय तोडून जोडला की नव्याने सुरू होतं. वायर त्या घटकेला टेकलेली नसेल तर दिवे गेले, बिल झालं. पुढच्या खड्ड्यात तेच दिवे परत.