अरे बाप्पा, आधी मोजा ना!

काहून एवढी घाई? फवारणीआधी चारदा आभाळ पाहणारा माणूस पत्त्यांच्या ब्रिजला बसला की डमी, म्हणजे जोडीदाराचे टेबलावर मांडलेले पत्ते, उघडताच पान ओढतो! तीन नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकमाची बोली, बोललास ना भाऊ, तर 13 पैकी 9 हात पाहिजेत. नक्कीचे किती, बाकीचे कुठून काढायचे, हे पहिल्या पानाआधीच ठरवायचं असते.

कालचंच पाहा. डमीत चौकटचे राजा, राणी, गुलाम, दश्शी अन् दोन बारकी. तिकडे जायला फक्त इस्पिकचा एक्का. विरोधकानं इस्पिकच टाकलं. स्वतःपाशी इस्पिकचा राजा असून माझ्या या जोडीदारानं डमीचा एक्का मारला! मग चौकटचा एक्का विरोधकांनी दाबून धरला अन् डमीत जायची वाटच बंद. अख्खा रंग तिथंच सडला. उघडे पत्ते माझे, म्हणजे डमी मी, मधात बोलताही येत नाही. वरून म्हणे, पत्तेच खराब होते! जीव जळते माझा.