पॅच हवाय? आधी भाडं टाका!

अरे काय चाललंय काय! ईएसएक्सआय ७, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअर कंपनीचं सॉफ्टवेअर, त्याचा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ठीक आहे, कुठलंही सॉफ्टवेअर जन्मभर पुरत नाही. पण भोकं बुजवणारे जे पॅच त्याआधीच निघालेत, तेसुद्धा कुलपात ठेवायचे?

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली आणि डिसेंबरात कायमची लायसन्स विकणं बंद. आता सबस्क्रिप्शन, म्हणजे भाडंच, तेही प्रोसेसरमधले कोअर मोजून, आणि प्रोसेसरमागे किमान सोळा कोअर. म्हणजे आठ कोअरच्या जुन्या डब्याला भाडं सोळाचं! हा कुठला हिशोब?

पूर्वी एक कमांड मारली की ऑनलाइन डेपोवरून, म्हणजे कंपनीच्या पॅचच्या कोठारातून, पॅच आपोआप उतरायचा. एप्रिल २०२५ पासून त्या पत्त्यात टोकन, म्हणजे ग्राहकाची खास किल्ली, घालावं लागतं, आणि टोकन मिळतं करार चालू असलेल्यालाच. एप्रिल २०२४ मध्ये ब्रॉडकॉमचे प्रमुख हॉक टॅन यांनी जाहीर केलं होतं की करार संपलेल्या जुन्या ग्राहकांनाही झीरो-डे (हल्लेखोरांना आधीच सापडलेल्या भोकांचे) पॅच फुकट देऊ. ऐकायला गोड. पण फक्त सपोर्ट चालू असलेल्या आवृत्त्यांसाठी! सहा पॉइंट सातवाले बसले बोंबलत, आता सातवालेही त्याच रांगेत.

मग काय, हातानेच करा. एसएसएच (दुरून कमांड द्यायची सोय) चालू करा, आधी जपून ठेवलेली पॅचची झिप शोधा, फाइल अस्सल आहे का ते बघायला चेकसम जुळवा, सर्व्हरच्या डेटास्टोअरवर (साठवणीच्या डिस्कवर) चढवा. एकच होस्ट (ईएसएक्सआयवाला सर्व्हर) असेल तर व्हर्च्युअल मशीन हलवायला दुसरी जागा नाही, म्हणजे सगळी बंद करून मेंटेनन्स मोड. झिपचा पाथ अर्धा दिला की हा ईएसएक्सआय बाबा ती भलत्याच लॉगच्या फोल्डरमध्ये शोधतो आणि वर डेपो मिळत नाही म्हणून आपल्यालाच सुनावतो. कमांडमध्ये 'अपडेट'च्या जागी घाईत 'इन्स्टॉल' टाकून वर 'ओके-टू-रिमूव्ह'ही जोडलंत तर नव्या प्रोफाइलमध्ये (पॅचच्या पॅकेज-यादीत) नसलेले ड्रायव्हर साफ. रीबूटनंतर नेटवर्क कार्डच गायब, आणि तुम्ही रात्री थंडगार सर्व्हर रूममध्ये कीबोर्ड-मॉनिटर जोडून शिफ्ट-आर दाबून जुन्या बूटबँकेवर, म्हणजे जपून ठेवलेल्या आधीच्या आवृत्तीवर, परत. सहावरून सातवर येणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका. जुने लिनक्सवाले ड्रायव्हर सातमध्ये मुळापासूनच काढलेत, रियलटेकचं स्वस्त नेटवर्क कार्ड लावलं असेल तर खेळ खलास.

आणि हे सगळं कोणासाठी? आमच्या साहेबांसाठी, ज्यांचं एकच पालुपद: "चालतंय ना? मग कशाला हात लावतोस? टॅली बंद पडली तर जबाबदार कोण?" साहेब, फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या रॅन्समवेअरने (खंडणीखोर व्हायरसने) जगभरात हजारो होस्ट लॉक केले, तेही 'चालतच' होते! त्या भोकाचा पॅच दोन वर्षं आधी निघाला होता, कोणी लावला नव्हता. हे सांगितलं की साहेब म्हणतात, "आपल्याकडे कोण कशाला येतंय?" त्या रॅन्समवेअरला पत्ता लागतो का साहेब? पोर्ट उघडं दिसलं की झालं!

आणि हो, कोणीतरी शहाणा आता "प्रॉक्समॉक्सवर जा ना" म्हणेलच, म्हणजे याच कामाच्या दुसऱ्या, फुकट वापरता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर. जातो की! ईएसएक्सआयवरून मशीन इम्पोर्ट करायची सोय आहे, मार्च २०२४ पासून आहे, मला माहितीये. पण डेटा उतरवून घ्यायला दुसरा डबा लागतो. तो मागितला की साहेब विचारतात, "हा तर चालतोय ना?"