थंड डोक्याने घातलेली जमीन

कॅनडातल्या ऑन्टारियोत, मस्कोकात किंवा कवार्थात कॉटेज, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घर, असलेल्या मराठी माणसाच्या पंचांगात दोनच मुहूर्त असतात. मेमधल्या व्हिक्टोरिया डेला कुलूप काढायचं, ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगला लावायचं. मधले सात महिने आपण मिसिसागा शहरात गरम घरात, आणि तिकडे बंद घरात उणे तीस अंशांत पायाखालची जमीन, म्हणजे फ्लोअरिंग, एकटी. तेव्हा नवी जमीन निवडायला दुकानात गेल्यावर 'दिसते कशी?' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, 'एकटी राहते का?'

विक्रेता पहिल्यांदा वॉटरप्रूफ विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, फळ्या दाखवतो आणि एका फळीवर कौतुकाने पाणी ओततो. अहो, पाणी आम्ही ऑक्टोबरातच पाइपातून काढून टाकतो! आमचं भांडण थंडीशी आहे. त्या खोक्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचावीत. बहुतेक ठिकाणी खोली कायम अमुक ते तमुक अंशांत ठेवा, असं लिहिलेलं असतं, आणि त्या अमुकात उणे काही नसतं. काही कंपन्या बिनहीटरच्या घरात चालेल असं म्हणतात. ते छापील हवं, तोंडी नको.

कारण साधं गणित आहे. हे विनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि ते दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०५ मिमी आखडतं. २० अंशांना घातलेली ५ मीटरची जमीन उणे ३० ला साडेबारा मिमी आत येते. मोकळी असेल तर येते आणि उन्हाळ्यात मुकाट परत जाते. पण एका टोकाला फ्रिज, दुसऱ्या टोकाला भरलेलं कपाट ठेवलं, की दोन्हीकडून पदर धरून ठेवल्यासारखं होतं आणि फाटतं मधे. फळी फळीत अडकवणाऱ्या 'क्लिक'च्या जिभा गारठल्या की तर खारी बिस्किटासारख्या तुटतात. म्हणून तरंगत्या, म्हणजे खाली न ठोकता नुसत्या अंथरलेल्या, जमिनीवर जड सामान नको, आणि स्वयंपाकघराचा ओटा तिच्यावर नाही, तिच्या आधी बसवायचा.

लॅमिनेटबद्दल, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशावर लाकडाचं चित्र चिकटवलेल्या फळ्यांबद्दल, एवढंच: दमट हवेत त्याच्या कडा चहातल्या टोस्टसारख्या फुगतात. आणि टोस्ट पुन्हा कडक होत नाही.

पोर्सलिन टाइल थंडीला भीत नाही. ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते. भीती तिच्याखाली जे आहे त्याची. खडक नसेल तिथे माती मीटरभराहून खोल गोठते, उथळ खांब वर उचलते, घर वसंतात किंचित कूस बदलतं आणि सांध्यांतल्या ग्राउटला तडे जातात. शिवाय मे महिन्यात त्या टाइलवर अनवाणी पाय ठेवून दाखवाच.

उरलं लाकूड. माझं मत उघडच लाकडाच्या बाजूने आहे. लाकडाला तापमानाचं फारसं सोयरसुतक नसतं, ते ओलाव्यावर हलतं. शहरातल्या घरात हिवाळ्यात हीटर हवा सुकवतो आणि फळ्यांमध्ये फटी पडतात. बंद थंड घरात हवा दमटच राहते. म्हणजे इथला धोका फुगण्याचा. दुकानातली भट्टीत सुकवलेली फळी ६ ते ८ टक्के ओलाव्याची असते, कॉटेजला पोचून ती १२ वर जाते. १२५ मिमीची पाइनची फळी तेवढ्यात सव्वा मिमी रुंदावते. अशा ४० फळ्या कच्च ठोकल्या तर ५ सेंटीमीटर जायचे कुठे? जमीन मधे डोंगर करते.

म्हणून फळ्या आणून लगेच ठोकायच्या नाहीत. मधे पट्ट्या घालून दोन आठवडे त्याच घरात रचून ठेवायच्या, लाकडाची शेगडी न पेटवता. ओलावा मीटरने मोजायचा. खालच्या प्लायवूडमध्ये आणि फळीत दोन टक्क्यांहून जास्त फरक नको. भिंतीशी १५ ते २० मिमी जागा सोडायची, ती झाकणारी पट्टी भिंतीला ठोकायची, जमिनीला नाही. ५ बाय ४ च्या खोलीला २० चौरस मीटर लागतात, आणा २२. घराखालच्या उघड्या मातीवर जाड पॉलिथिन अंथरायचं. ओल तिथूनच वर येते. हे काम पोटावर सरपटत करायचं असल्याने घरात त्याची आठवण कुणीच काढत नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर १९ मिमीचं प्लायवूड तुळयांना स्क्रूने आवळा, घासा, प्रायमर आणि वर पोर्चच्या रंगाचे दोन हात. पाहुणे नाक मुरडतात, आणि पाच वर्षांनी आपण पुन्हा एक हात मारतो.

मेमध्ये मात्र सगळ्याच जमिनींना एक खोड असते. घर आतून फ्रिजसारखं गार असतं आणि आपण भर दुपारी, उबदार दमट हवेत, हौसेने सगळ्या खिडक्या उघडतो. पाच मिनिटांत जमिनीला घाम फुटतो, ठिकठिकाणी पाणी. खिडक्या लावून घ्यायच्या, कोरड्या सकाळची वाट पाहायची, तोवर पोछा फिरवायचा. आणि छप्पर गळतंय म्हणून शिडी घेऊन निघालेल्या भावोजींना हाक मारून खाली उतरवायचं.