छडी खाऊन घडलेल्यांचा ग्रुप, आणि त्यात नसलेले

शिक्षकदिन जवळ आला की एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरू लागतो. आमच्या दहावीच्या ग्रुपवर यंदा तो तीनदा आला. सार असं: ‘आम्ही मास्तरांचा मार खाल्ला, पण आम्हाला डिप्रेशन आलं नाही. छडी बंद झाली आणि पोरं नाजूक झाली, जरा बोललं की जीव देतात. समुपदेशन हे शहरी फॅड आहे. शिक्षकाला त्याचा अधिकार परत द्या.’ मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हे आमच्या नावाने मागितलं जातंय, म्हणून उत्तर देते.

‘आम्हाला काही झालं नाही.’ यातले ‘आम्ही’ कोण? पहिलीला आम्ही दाटीवाटीने बसायचो. दहावीच्या फोटोत दोन रांगाही धड भरत नाहीत. माझ्या शेजारचा एक मुलगा सतराच्या पाढ्याला अडकायचा. पाढ्यांची वेळ झाली की त्याचं पोट दुखायचं. खरंच दुखायचं, आणि आम्ही हसायचो. चौथीत तो यायचा बंद झाला. घरी गुरं सांभाळायला माणूस नाही, असं कारण सांगितलं गेलं. आज तो ग्रुपवर नाही, त्याचा नंबर कुणाकडे नाही. टिकलेल्यांनाच विचारलं तर छडी चांगलीच ठरणार. आणि टिकलेल्यांपैकी कितीजणांची जीभ आजही साहेबांपुढे उचलत नाही, हे आपण एकमेकांना कधी विचारलंय?

‘छडी गेली म्हणून आत्महत्या वाढल्या.’ शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम १७ मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. तो कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांचा. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या अहवालात विद्यार्थ्यांच्या १३,०४४ आत्महत्या आहेत, त्यांतल्या सर्वाधिक १,७६४ महाराष्ट्रातल्या. पण त्यात कॉलेजातली तरुण मुलंही आली. छडीशी त्याची सांगड या आकड्यांतून लागत नाही. उलट त्याच वर्षी २,२४८ मृत्यूंपुढे परीक्षेतलं अपयश हे कारण लिहिलेलं आहे. नोंदीत कारण एकच लिहितात, माणसाच्या मनात ते एकटं नसतं, हे मान्य. तरी नापास होण्याची एवढी धास्ती मुलांना कुणी घातली? लाडाने तर नाही.

‘समुपदेशन हे फॅड.’ विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. ज्या शिक्षणसंस्थेत १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं, चारचौघांत मुलांचा पाणउतारा टाळावा.

आता ‘शिक्षकाचा अधिकार’. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एका मुलीला चापट बसली. त्या दिवशी दुपारपर्यंत ऑनलाइन माहिती भरायची होती आणि पोर्टल उघडत नव्हतं. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब लागत नव्हता, मतदार यादीचं काम उरलं होतं, आणि दोन वर्ग एकाच खोलीत होते. तिने फक्त वही आणली नव्हती. तो अधिकार नव्हता. मी थकले होते आणि समोर सर्वांत लहान तीच होती. तिची माफी मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मागितली. ती काही बोलली नाही, पण पुढे बरेच दिवस माझ्या टेबलाजवळ आली नाही.

त्या दिवशी मला छडी हवी नव्हती. ‘बाई, तुम्ही जरा बसा, वर्ग मी बघतो’ म्हणणारं कुणीतरी हवं होतं. शिक्षकाचं मन शाळेत कुणाच्याच हिशेबात नसतं. सहकारी रजेवर गेला की ‘कामचुकार’ म्हणून मोकळं व्हायचं, त्याला झोप का लागत नाही ते विचारायचं नाही.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. आमच्या शाळेत तो वेळापत्रकाशेजारी लावलाय. तसाच आणखी एक कागद शिक्षकांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.