मोझेलला सायकल घेऊन जाताय? आधी मागची दातेरी चक्रं, म्हणजे कॅसेट, बदला

जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यात सायकल चालवायला जाणारे बहुतेक लोक नदीचा काठ सोडतच नाहीत. लक्झेंबर्गच्या सीमेजवळच्या पेर्लपासून कोब्लेन्झपर्यंत सायकलमार्ग आहे, साधारण अडीचशे किलोमीटरचा. जवळजवळ सगळा सपाट, बराचसा डांबरी, जागोजागी पाट्या लावलेला. मुलंबाळं, सामानाच्या पिशव्या घेऊन जाणाऱ्यांसाठी तो उत्तमच आहे. पण रोड सायकल घेऊन गेलेल्या माणसाने फक्त तोच मार्ग केला, तर त्याने मोझेल अर्धीच पाहिली असं माझं ठाम मत आहे.

कारण ही नदी इतकी वळसे घेते की काठाने जाताना समोरच्या डोंगरापलीकडे काय आहे हे कळतच नाही. कोखेम ते एडिगर-एलर हे अंतर रेल्वे ४.२ किलोमीटरच्या बोगद्यातून कापते. नदी त्याच दोन ठिकाणांमध्ये वीसेक किलोमीटरचा फेरा मारते. हा फेरा, त्याच्या दोन्ही बाजूंचे द्राक्षमळे आणि पाण्याला चिकटून बसलेली गावं एका नजरेत हवी असतील तर वर चढायला हवं. ब्रेमजवळच्या काल्मोंटचा उतार ६५ अंशांपर्यंत जातो. युरोपातला सर्वांत तीव्र उताराचा द्राक्षमळा म्हणून तो ओळखला जातो. तिथे मळेवाले एकेरी रुळावर चालणाऱ्या छोट्या गाडीतून वर जातात. तुम्हाला अर्थातच तिथून सायकल चालवायची नाहीये, पण त्याच्या आजूबाजूचे रस्तेही काही सौम्य नाहीत.

नदीची पातळी शंभर मीटरच्या आसपास. दक्षिणेकडे हुन्सरुक आणि उत्तरेकडे आयफेलचं पठार चारशेच्या आगेमागे. म्हणजे एका चढाला अडीचशे-तीनशे मीटर. गाडीरस्त्याने गेलात तर सरासरी सहा-सात टक्के (शंभर मीटरला सहा-सात मीटर चढ), अर्ध्या तासाचं काम. मळ्यांमधल्या काँक्रीटच्या वाटेने गेलात तर पंधरा टक्के सहज, मध्येच वीससुद्धा. आकडे घाबरवणारे नाहीत. घाबरवतो तो चुकीचा गिअर, आणि लोक खापर फोडतात पायांवर.

जरा हिशेब करू. ७५ किलोचा माणूस, ९ किलोची सायकल आणि सामान, २८ मिलिमीटरचे टायर, १० टक्के चढ. पेडलपाशी पुढच्या चक्राला ३६ दाते, मागच्या चाकावरच्या चक्राला २८. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.७५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेरे ठेवायचे तर वेग ११.५ किलोमीटर आणि ताकद सुमारे २९० वॅट. हौशी सायकलस्वाराला हे दहा मिनिटंही झेपत नाही. मग तो फेरे कमी करतो, पन्नासवर येतो, गुडघ्यावर जोर देतो, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा बोलतो. आता तोच चढ पुढे ३४ आणि मागे ३४ घालून: एका फेऱ्यात २.१४ मीटर, वेग ९ किलोमीटर, ताकद सुमारे २२५ वॅट. पोचायला काही मिनिटं जास्त लागतील, पण पाय फिरत राहतात आणि दिवसाचा दुसरा चढही होतो. हलका गिअर म्हणजे कमीपणा ही समजूत किती जणांना खालीच अडकवून ठेवते याचं मला खरंच वाईट वाटतं.

बदल करायचा तर नीट करा. ५०/३४ ची क्रँक (पेडलपाशी ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रं) आणि ११-३४ ची कॅसेट (मागे ११ ते ३४ दात्यांच्या चक्रांचा संच) ही जोडी बहुतेकांना पुरते. बॅगा लावून जाणार असाल तर ४८/३१ आणि ११-३४ आणखी बरी. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आधी तपासा. शिमानो १०५ च्या ११ गिअरच्या आर७००० मालिकेत आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणाऱ्या खालच्या लोंबत्या भागाचा) डिरेलर ३० दात्यांपर्यंतच चालतो, ३४ साठी लांब पिंजऱ्याचा, जीएस लिहिलेला, लागतो. शिमानोची ११ गिअरची एचजी८०० ही ११-३४ कॅसेट ११ गिअरच्या रोड हबवर, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या भागावर, चढवताना मागे १.८५ मिलिमीटरची रिंग घालावी लागते. ती विसरली तर लॉकरिंग, म्हणजे कॅसेट धरून ठेवणारी रिंग, पूर्ण आवळूनही कॅसेट हलत राहते.

आणि चेन. इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. ११-२८ वरून ११-३४ वर गेलात आणि जुनीच चेन ठेवली, तर ती आखूड पडते. सपाटीवर कळत नाही. चढाला सुरुवात होते, चेन पुढच्या मोठ्या चक्रावर (चेनरिंगवर) तशीच राहिलेली असते, मागे गिअर हलका करत करत सर्वांत मोठ्या चक्रावर (स्प्रॉकेटवर) जाता, चेन ताणून ताठ होते आणि डिरेलरचा हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा धातूचा तुकडा, वाकतो किंवा तुटतो. तिथेच सहल संपते, कारण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि तो खेड्यात मिळत नाही. म्हणून नवी चेन घ्या, डिरेलरमधून न ओवता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर गुंडाळा, टोकं जिथे जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवा आणि मग तोडा. शेवटी डिरेलरचं कॅसेटपासूनचं अंतर ठरवणारा बी-स्क्रू फिरवून त्याचं वरचं छोटं चक्र (जॉकी व्हील) मोठ्या स्प्रॉकेटला घासत नाही हे पाहा. एक सुटा हँगर सीटखालच्या पिशवीत असू द्या, वजन काही ग्रॅम.

टायर २८ पेक्षा बारीक नकोत, फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ घ्या. इथली जमीन स्लेटची, म्हणजे शाळेतल्या जुन्या पाटीचा दगड. त्याच्या धारदार कपच्या पावसाने वाहून मळ्यांच्या वाटांवर येतात आणि टायरची कड चिरतात. काटा टोचल्यासारखं बारीक भोक पडत नाही, चीर पडते. नुसती ट्यूब बदलून भागत नाही, ती चिरेतून फुगून बाहेर येते आणि पुन्हा फुटते. आतून लावायला जुन्या टायरचा चार सेंटिमीटरचा तुकडा जवळ ठेवा. हवा ७५ किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये पुढे ७०, मागे ७५ पीएसआयपासून सुरू करून बघा. ३२ असेल तर पन्नास-पंचावन्न.

आता उतार. माझ्या मते मोझेलमध्ये खरी सावधगिरी चढात नाही, इथे लागते. मळ्यांमधल्या वाटांवर पावसाचं पाणी बाजूला काढायला आडव्या-तिरक्या पन्हळी केलेल्या असतात, काही ठिकाणी लोखंडी जाळीच्या. तिरक्या पन्हळीत पुढचं चाक अडकलं की हँडल हातातून जातं. आधी वेग कमी करा, पन्हळीला काटकोनात या, ब्रेक सोडून ती ओलांडा, मग पुन्हा ब्रेक. काँक्रीटच्या फरशांमधल्या लांबट फटींनाही हाच नियम. वळणाच्या आतल्या बाजूला कपच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल साचतो, तेव्हा वळणाआधीच ब्रेक संपवायचे, वळणात नाही. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे) असतील तर सतत दाबून ठेवू नका. दोन-तीन सेकंद जोरात दाबा, सोडा, रिमला वारा लागू द्या. सतत घासत उतरल्यावर कार्बन रिम तापून खराब झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

कुठल्या वाटेवर जायचं हे पाट्यांवरून कळतं. लाल कडेचा पांढरा गोल आणि आत मोटारीचं व मोटरसायकलचं चित्र असेल तर सायकलला परवानगी आहे. गोल रिकामा असेल तर सायकललाही बंदी, खाली सायकलसाठी सूट लिहिली असेल तरच जा. गोल निळ्या पाटीवर पांढरी सायकल दिसली तर शेजारचा गाडीरस्ता सोडून तो मार्ग वापरणं सक्तीचं आहे. रोड सायकलवाले हे विसरतात आणि गाडीवाले हॉर्न मारून आठवण करून देतात.

ज्यांना तीव्र चढ अजिबात नको, त्यांच्यासाठी मारे-मोझेल मार्ग आहे. आयफेलमधल्या डाउनपासून बर्नकास्टेल-क्यूसपर्यंत, ६० किलोमीटरला थोडा कमी. मुख्यतः जुन्या रेल्वेमार्गावर केलेला, त्यामुळे चढ एकसारखा आणि सौम्य, वाटेत पूल आणि बोगदे. हंगामात सायकली नेणारी बस वर डाउनला सोडते, जागा आधी राखून ठेवा. बोगद्यांसाठी पुढे-मागे दिवे हवेतच, गार हवेसाठी एक पातळ जाकीटही.

पाण्याचं गणित उन्हाळ्यात चुकतं. दक्षिणेकडे तोंड केलेले स्लेटचे उतार तापून उष्णता परत फेकतात आणि खोऱ्यात वारा पडलेला असतो. तासाला पाऊण लिटर धरा. गावातल्या कारंज्यावर 'काइन ट्रिंकवासर' लिहिलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. रविवारी दुकानं बंद असतात, बेकरी उघडली तरी सकाळी काही तासच, म्हणून खाण्याचं शनिवारीच बघा.

संध्याकाळी मळेवाल्यांच्या श्ट्राउसवर्टशाफ्टमध्ये जरूर बसा. वर्षातून जास्तीत जास्त चार महिने चालणारी, चाळीस जागांपर्यंतची ही घरगुती मद्यशाळा, तिथे त्यांचीच रीसलिंग ही पांढरी वाइन मिळते. पण सायकल लावून मगच. जर्मनीत सायकलस्वारासाठी रक्तात १.६ प्रोमिल (दर हजारी १.६ भाग) अल्कोहोल ही मर्यादा आहे, आणि चालवताना तोल जाताना दिसला किंवा अपघात झाला तर ०.३ वरसुद्धा गुन्हा लागू शकतो.

महिना कुठला? मला मे-जून आणि सप्टेंबरचा पूर्वार्ध योग्य वाटतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तीव्र मळ्यांवर हेलिकॉप्टरने बुरशीनाशक फवारतात, तेव्हा वाटा थोडा वेळ बंद होतात. थांबा, आत शिरू नका. तोडणीच्या दिवसांत, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरभर, वाटा ट्रॅक्टरच्या असतात आणि रस्त्यावर सांडलेल्या द्राक्षांवरून चाक घसरतं. वर्षाचं पीक आत आणायला मळेवाल्याकडे थोडेच दिवस असतात, त्याला वाट द्या. शरदात सकाळी खोरं धुक्यात बुडालेलं असतं आणि पठारावर ऊन असतं. तेव्हा त्या दिवसांत क्रम उलटा करा, नाश्ता करून आधी वर चढा, दुपारी खाली या. हिवाळ्यात नदीला पूर आला की काठचा मार्ग पाण्याखाली जातो, पाणी ओसरल्यावरही त्यावर गाळ राहतो, आणि बाइलश्टाइनसारख्या ठिकाणच्या छोट्या फेरीबोटीही बंद असतात. मग पलीकडे जायला पूल कुठे आहे हे आदल्या रात्री नकाशात पाहून ठेवायचं.