खुर्च्या मोजून तोडा, राव

तुम्हाला राजकारणात यायचंय, वय पंचवीसच्या आत आहे, दारात बुलेट आहे (हप्ते चालू असले तरी चालतंय), आणि चौकातल्या फ्लेक्सवर तुमचा फोटो अजून सगळ्यात खालच्या लायनीत पासपोर्ट साइजचाच येतोय, तर माझं ऐका, पाणी, खड्डे, रेशन असल्या विषयांच्या नादी लागू नका. खड्ड्यावर आंदोलन केलं तर खड्डा तिथेच राहतो आणि घरी जाताना तुम्हीच त्यात पडता. पिक्चर धरा. पिक्चरला तारीख असते, हिरोईन असते, चॅनेलवाले आधीच जमलेले असतात आणि ट्रेलर फुकट असतो, म्हणजे भावना दुखवून घ्यायला खिशातला एक रुपया जात नाही.

आता टायमिंग. भावना ट्रेलरलाच दुखल्या पाहिजेत. पिक्चर लागल्यावर दुखल्या तर कुणीतरी आगाऊ माणूस विचारतोच, बघितलास का रे, आणि मग तीन तास जातात. 'छावा'चं बघा ना. जानेवारी 2025 मध्ये ट्रेलर आला, त्यात छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, आणि आठवड्याच्या आत दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरेंना भेटून सीन काढतो म्हणून सांगून मोकळे पण झाले. 14 फेब्रुवारीला लेझीम सोडून बाकी पिक्चर लागला. पुढे मार्चमध्ये मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरकडे असीरगडच्या आसपास लोक रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं उकरायला लागले, कारण काय तर पिक्चरमध्ये बुऱ्हाणपूरचा खजिना दाखवलाय आणि सोन्याची नाणी सापडतायत अशी अफवा. त्यावर कुणाच्या भावना दुखल्याचं काही कानावर आलं नाही. ज्याच्या रानात खणलं त्याच्या दुखल्या असतील, पण तो विषय परत खड्ड्यांवर जातो, आणि खड्डे घ्यायचे नाहीत असं आपलं वरच ठरलंय.

मागणी मात्र समोरच्याला पटकन मान्य करता येईल अशीच ठेवा. 'पद्मावती'च्या वेळी काय कमी झालं का, जानेवारी 2017 मध्ये जयपुरात दिग्दर्शक भन्साळींना सेटवर मारहाण, मार्चमध्ये आपल्या कोल्हापूरजवळ मसाई पठारावरचा सेट रात्रीत पेटवला, मग वर्षभर टीव्हीवर करणी सेना या राजपूत संघटनेच्या तलवारी, आणि एवढ्या तलवारी उपसून शेवटी कापलं काय? 'ती'ची वेलांटी. 'पद्मावत' झालं. वर 'घूमर' गाण्यात दीपिकाची कंबर कॉम्प्युटरवर झाकली. 25 जानेवारी 2018 ला पिक्चर आला आणि थोड्याच दिवसांत करणी सेनेच्याच एका गटाचं पत्र निघालं की पिक्चरमध्ये राजपुतांचा गौरव आहे, आमचा विरोध संपला. (संघटना म्हणाली ते पत्र आमचं नव्हेच. पत्र आपलं की दुसऱ्या गटाचं हेही आधी ठरवून ठेवत जा.)

बरं, मिटवायचं कसं हेही सुरू करायच्या आधीच ठरलेलं बरं. 2016 मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर 'ए दिल है मुश्किल'वर मनसेनं आक्षेप घेतला, फवाद खान होता ना त्यात. वर्षा बंगल्यावर मुख्यमंत्री फडणवीसांसमोर बैठक झाली आणि पाकिस्तानी कलाकार घेतलेल्या निर्मात्यांनी लष्कराच्या कल्याण निधीला 5 कोटी द्यावेत अशी अट आली. घ्या, राष्ट्रभक्तीला रेटकार्ड लागलं. त्यावर लष्करातूनच नाराजी निघाली आणि संरक्षणमंत्री पर्रीकरांना सांगावं लागलं की बाबांनो, हा निधी ऐच्छिक असतो. पण पिक्चर दिवाळीला सुखरूप लागला.

आता मेन मुद्दा, खुर्च्या. राजकीय आणि सामाजिक आंदोलनातले गुन्हे मागे घ्यायचा निर्णय आपल्याकडे सरकारं अधूनमधून काढतात, 2022 मध्येही निघाला, आणि त्यात अट असते की जीवितहानी नको आणि मालमत्तेचं नुकसान 5 लाखांच्या वर नको. म्हणजे आंदोलनाला बजेट आहे! आमच्या मंडपवाल्याला विचारलं, प्लॅस्टिकची खुर्ची पाचशे-सहाशेला पडते म्हणाला, म्हणजे आठशे खुर्च्या आरामात बसतात. पण साउंड सिस्टीमला हात लावू नका, एक मिक्सर फुटला की हिशोब कोलमडतो. शक्यतो एक कॉमर्सवाला कार्यकर्ता सोबत घ्या, वही घेऊन दारात उभा करा.

आणि जागा मात्र बरोबर निवडा. मार्च 2025 मध्ये कॉमेडियन कुणाल कामरानं एका हिंदी गाण्याच्या चालीवरच्या विडंबनाचा व्हिडिओ टाकला, शिंदेंचं नाव न घेता, आणि त्याच रात्री शिंदेंच्या शिवसैनिकांनी, जिथे तो शो झाला होता ते मुंबईतल्या खारचं हॅबिटॅट फोडलं. आता तो शो आधीच रेकॉर्ड झालेला, कामरा गेलेला तमिळनाडूकडे, मग सापडलं कोण तर खुर्च्या. नंतर फोनवरच्या बोलण्याची क्लिप फिरली, त्यात त्याला धमकवणारा कार्यकर्ताच हताश होऊन विचारतोय की आता तमिळनाडूला कसं यायचं भाई. मी ती चार वेळा ऐकली, इतका प्रामाणिक प्रश्न आपल्या राजकारणात बऱ्याच दिवसांनी कुणी विचारला असेल. बारा जणांना अटक झाली, त्याच दिवशी जामीन, आणि त्याच सोमवारी महापालिका हातोडे घेऊन हजर, बांधकाम बेकायदा आहे हे तिला नेमकं त्याच दिवशी दिसलं. कामरानं काय केलं, तोडफोडीचंच फुटेज उचललं आणि त्यावर पुढचं गाणं टाकलं. शूटिंगचा खर्च शून्य, कलाकार सगळे तुमचे. म्हणून सांगतो, तोडताना निदान इस्त्रीचा शर्ट घाला.

आमच्या गल्लीतला एक पोरगा होता असाच तयारीचा. पिक्चरचं नाव राहू दे, नेत्याचं तर राहूच दे. आदेश आला, शुक्रवारी पहिला शो बंद पाडायचा. आत जायचं तर तिकीट लागतं, मग पोरांनी ॲपवरून बावीस तिकिटं काढली, वर कन्व्हिनियन्स फी भरली, आणि रांगेत उभं राहून बॅगा तपासून आत गेले. घोषणा लगेच द्यायच्या होत्या पण कॅमेरावाला ट्रॅफिकमध्ये अडकलेला, त्यामुळे भाऊंचा मेसेज, इंटरव्हलपर्यंत बसा. बसले. पॉपकॉर्न घेतले. एका सीनला दोघांनी शिट्ट्या मारल्या म्हणून गटप्रमुख ओरडला. इंटरव्हलला लाइट लागले, कॅमेरा आला, यांनी घोषणा दिल्या, दोन स्टँडी फाडल्या, पोलीस व्हॅनमध्ये बसवून घेऊन गेले. भाऊ बाहेर बाइट देत होते, त्यामुळे त्यांचं नाव एफआयआरमध्ये आलंच नाही.

भाऊ आता नगरसेवकपदाला इच्छुक आहेत, फ्लेक्सवर पूर्ण उभे. पोराला मध्ये एका कंपनीत सिलेक्शन मिळालं होतं, चारित्र्य पडताळणीत गाडी अडली. अर्ज केलाय म्हणतो गुन्हा मागे घ्यायचा, समितीपुढे आहे, नुकसान तर फक्त दोन स्टँडींचं. तोवर तारखा.

परवाच्या तारखेला मीही गेलो होतो सोबत. साहेब रजेवर, पुढची तारीख मिळेपर्यंत बाकावर बसून राहायचं. हा एका कानात इअरफोन घालून मोबाइल बघत होता, डोकावलो तर तोच पिक्चर, ओटीटीवर आलाय म्हणे, इंटरव्हलनंतरचा लावलेला. म्हटलं काय रे, हाच? तर म्हणाला, काका, त्या दिवशी अर्धाच राहिला होता ना. सेकंड हाफ बरा आहे.