मीटर शून्याला टेकला म्हणून बोलणं कळत नाही

लग्नसराई आणि जत्रांचे दिवस आले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या शूटिंगवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: एडिटिंग करताना प्रत्येक क्लिपचा आवाज शून्य डीबीपर्यंत (डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) नॉर्मलाइज करा. मीटर मधूनमधून लाल झाला तरी घाबरू नका, नंतर कमी करता येतो. आवाज जेवढा मोठा, तेवढा यूट्यूबवर व्हिडिओ उठून दिसतो. पार्श्वसंगीत पन्नास टक्क्यांवर ठेवा. शेवटी मोबाइलवर ऐकून बघा, नीट वाटलं की काम झालं. नवीन मुलांना हे आयतं मिळतं, सोपं वाटतं आणि ती तसंच करतात. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चूक किंवा अर्धवट आहे, म्हणून एकेक घेऊन लिहितोय.

हे इतकं मनावर घ्यायचं कारण आहे. आपल्या भागातलं बरंचसं बोलणं दुसरीकडे कुठे नोंदलंच जात नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी या गावांत साहित्य संमेलनं भरतात. तिथली भाषणं बऱ्याचदा गावातल्याच एखाद्या शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्यात असतात, बाकी कुठे नाहीत. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या नातवाने मोबाइलवर घेतलेल्या असतात, आणि आजी गेल्यावर तेवढ्याच उरतात. चित्र जरा अंधारं आलं तर माणसं चालवून घेतात. पण घरचे लोक ‘आवाज येतोय, पण काय बोलाय लागलेत तेच कळंना झालंय’ म्हणतात, तेव्हा ते रेकॉर्डिंग असून नसल्यासारखं होतं.

शून्यापर्यंत नॉर्मलाइज करा म्हणे. डिजिटल आवाजात शून्य डीबी म्हणजे छत. त्याच्या वर जागा नाही, म्हणून सगळे आकडे उणे असतात. साधं नॉर्मलाइज एवढंच करतं की क्लिपमधला सर्वांत उंच क्षण शोधतं, तो छताला लावतं आणि बाकी सगळं तेवढंच वर उचलतं. तो क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही असू शकतो. हलगीची एक थाप, माइकला लागलेला हाताचा धक्का किंवा कुणीतरी जवळ वाजवलेली टाळी पुरते. आपला कान मात्र असा एक क्षण ऐकून आवाजाचा मोठेपणा ठरवत नाही, तो थोड्या वेळाची सरासरी धरतो. वर्गातल्या सर्वांत उंच मुलाला मोजून अख्ख्या वर्गाची उंची सांगावी, तसं हे आहे.

म्हणून शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची क्लिप आणि संयोजकांची मुलाखत, दोन्ही शून्याला नेऊन शेजारी ठेवल्या तरी त्या सारख्या वाजत नाहीत. मुलाखतीत प्रश्न विचारणाऱ्याने माइक टेबलावर आपटला असेल, तर त्या एका ठोक्याने छत गाठलेलं असतं आणि बोलणं खालीच राहतं. मग मुलं पुढची पायरी चढतात, बोलणं हाताने वर ओढतात आणि तो ठोका छताच्या बाहेर जातो.

ही अडचण जगभरच्या टीव्हीवाल्यांनाही होती. कार्यक्रम शांत आणि जाहिरात अंगावर येणारी, पण मीटरवर दोन्हींची शिखरं सारखीच. त्यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये बीएस.१७७० हे मोजमाप ठरवलं. त्यात कान ज्या पट्टीतल्या आवाजाला जास्त संवेदनशील आहे तिला जास्त वजन दिलेलं आहे, आणि मोजणी शिखराची नसून सरासरी ऊर्जेची आहे. पुढच्या सुधारणेत शांत जागा हिशोबातून वगळायची सोय आली. या मापाच्या एककाला एलयूएफएस म्हणतात. युरोपातल्या प्रसारकांच्या संघाने २०१० मध्ये याच मापाने उणे २३ ही पातळी ठरवली. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही फेअरलाइट या आवाजाच्या पानावर हा मीटर आहे. दोन क्लिप जुळवायच्या तर शिखरं सोडा आणि हा आकडा जुळवा. त्यानंतरही डोळे मिटून ऐका, कारण शेवटचा निकाल कानाचाच आहे.

लाल झालं तरी नंतर कमी करता येतं. या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान केलंय, कारण ते एका जागी खरं आहे. आजची बहुतेक मोठी एडिटिंग सॉफ्टवेअर आत ३२ बिट फ्लोट पद्धतीने, म्हणजे शून्याच्या वरचे आकडेही सांभाळत, हिशोब करतात. तिथे टाइमलाइनवर आवाज शून्याच्या वर गेला तरी एक्स्पोर्ट करण्याआधी मास्टर (एकूण आवाजाची पट्टी) खाली ओढला की तो जसाच्या तसा परत मिळतो. ज्याने हा अनुभव घेतला त्याने तो सगळीकडे लावला. पण कॅमेऱ्यात किंवा साध्या रेकॉर्डरमध्ये आवाज छताला धडकला, तर लहरीचा वरचा भाग कापला जातो आणि तो फाइलमध्ये उरतच नाही. नंतर आवाज कमी केला तर काय मिळतं? तीच कापलेली लहर, फक्त हळू वाजणारी. कापलेली लहर दुरुस्त करणारी डीक्लिपची साधनं आहेत, आणि थोडंसं कापलेलं असेल तर ती बरं काम करतात. पण ती हरवलेला भाग अंदाजाने भरतात, परत आणत नाहीत.

संमेलनात हे हमखास कसं होतं तेही सांगतो. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन मागून घेतात, ते चांगलंच आहे. पण ती वायर थेट कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात जाते. मिक्सरमधून निघणारा लाइन पातळीचा सिग्नल माइकच्या सिग्नलपेक्षा साधारण ४० डीबी किंवा त्याहूनही मोठा असतो. कॅमेऱ्यातली रेकॉर्डिंगची पातळी खाली घेतली तर मीटर हिरवा दिसतो, तरीही भाषण फाटलेलं येतं, कारण सिग्नल मीटरपर्यंत पोचायच्या आधीच पहिल्या अॅम्प्लिफायरमध्ये फाटलेला असतो. कॅमेऱ्याच्या मेनूत लाइनची निवड असेल तर ती करा, नसेल तर मध्ये पॅड (सिग्नल कमी करणारा जोड) लावा. सुरुवातीच्या स्वागतगीतातच हेडफोनवर ऐकून बघा. अध्यक्ष बोलायला उभे राहिल्यावर कळून उपयोग नाही.

रेकॉर्डिंगची शिखरं उणे १२ डीबीच्या आसपास राहिली तर काही बिघडत नाही. १६ बिटच्या फाइलमध्येही साधारण ९६ डीबीचा पल्ला असतो आणि मंडपातला गलका त्या पल्ल्याच्या तळाच्या कितीतरी वर असतो. वर मोकळी ठेवलेली जागा वाया जात नाही, अचानक झालेल्या टाळ्या आणि घोषणा तिथेच मावतात. ऑटो (पातळी आपोआप कमी-जास्त करणारी कॅमेऱ्याची सोय) चालू ठेवून निर्धास्त राहणाऱ्यांनी झांजपथकाजवळून निघालेली क्लिप एकदा नीट ऐकावी. झांजा वाजल्या की सगळा आवाज बसतो, थांबल्या की हळूहळू फुगत वर येतो, आणि तेवढ्यात निवेदकाची पहिली दोन वाक्यं गेलेली असतात.

यूट्यूबवर मोठा आवाज उठून दिसतो. इथे गोष्ट उलटी आहे. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या वर गेलेला आवाज वाजवताना खाली आणतो. त्यापेक्षा हळू असलेला मात्र सहसा आपणहून वर उचलत नाही. म्हणजे लिमिटरने (शिखरं छताखाली दाबून धरणाऱ्या साधनाने) दाबून दाबून तुम्ही उणे ८ पर्यंत नेलं, तर यूट्यूब साधारण ६ डीबी कमी करणार. मोठेपणा गेलाच, शिवाय दाबताना हलगीची थाप चपटी झाली आणि श्वासांचा, पंख्याचा आवाज वर आला, तो तसाच राहणार. खात्री करायची तर कॉम्प्युटरवर आपल्याच व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. तिथे कंटेंट लाउडनेस दिसतो. तो आकडा शून्याच्या वर जेवढा, तेवढा तुमचा आवाज कापला जातोय. उणे १४ हा काही नियम नाही. शांत ओव्या उणे १८ वर असल्या तरी चालतील, पण मिरवणूक उणे ८ वर नेण्यात काहीच मिळत नाही. अंतिम शिखर उणे १ वर थांबवा. अपलोड झाल्यावर फाइल लहान करायला आवाजाचं पुन्हा कॉम्प्रेशन होतं आणि त्यात शिखरं थोडी वर सरकतात.

पार्श्वसंगीत पन्नास टक्के. कशाचे पन्नास टक्के? आवाज कमी-जास्त करायची पट्टी सरळ गुणाकाराची असेल तर अर्ध्यावर आणणं म्हणजे फक्त ६ डीबी कमी. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डीबी लागतात. आणि मुळात संगीत शून्यापर्यंत दाबून भरलेलं असेल, तर ६ डीबी उतरूनही ते बोलण्याच्या वरच राहतं. बोलण्याच्या खाली संगीत किमान १५ ते २० डीबी असावं, तिथून सुरुवात करून कानाने ठरवावं.

पण नुसता आकडाही पुरत नाही. बोलणं कळतं ते व्यंजनांवर. क, च, ट, स, श यांची ओळख पटवणारा भाग मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर असतो. सनई तिथेच तीक्ष्ण असते आणि झांज तर तो सगळा पट्टा भरून टाकते. म्हणून सनई-चौघडा बोलण्याखाली ठेवायचा असेल तर त्या पट्टीत इक्वलायझरने (ठरावीक पट्टीतला आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) संगीत ३-४ डीबी खाली घ्या. मग एकूण आवाज फार न उतरवताही शब्द मोकळे होतात. संगीत बोलणं सुरू व्हायच्या थोडं आधीच खाली यावं. बोलायला लागल्यावर उतरलं तर पहिला शब्द जातो, आणि आपल्याकडे तो पहिला शब्द बहुतेक वेळा माणसाचं नाव असतं.

याहून अवघड गोष्ट आपल्या सीमाभागातच येते आणि तिच्याबद्दल हा सल्ला गप्प आहे. शेतकऱ्याची, एखाद्या कारागिराची मुलाखत कन्नडमध्ये असते आणि आपण तिच्यावर मराठी निवेदन चढवतो. मूळ आवाज पूर्ण पुसू नये, माणसाचा स्वर ऐकू यायलाच हवा. पुण्या-मुंबईच्या एडिटरने ठरवलेली पातळी मात्र इथे चालत नाही. ज्याला कन्नड येत नाही त्याच्या कानाला मागचं बोलणं नुसती गुणगुण वाटते. गोकाक, अथणी, निपाणीतल्या माणसाला दोन्ही भाषा येतात. मागचं बोलणं समजतं, म्हणून मन तिकडे ओढलं जातं आणि पुढचं निवेदन निसटतं. समजणारी भाषा न समजणाऱ्या भाषेपेक्षा जास्त आड येते. म्हणून आपल्याच लोकांसाठी व्हिडिओ असेल तर मूळ आवाज नेहमीपेक्षा आणखी खाली, २० डीबीच्याही खाली न्यायला हवा. सुरुवातीचं एखादं वाक्य मात्र पूर्ण आवाजात वाजू द्या, मग हळूहळू उतरवा. त्या माणसाचा मान राहतो आणि ऐकणाऱ्यालाही कोण बोलतंय ते नीट कळतं. हाच न्याय गाण्यांना लावा. मराठी भाषणाखाली शब्द असलेलं मराठी गाणं लावूच नये, वाद्यसंगीत लावावं.

मोबाइलवर ऐकून खात्री करा. मोबाइलवर ऐकायलाच हवं, कारण बघणारे बहुतेक तिथेच बघतात. पण तिथे नीट वाटलं म्हणजे नीट आहे असं नाही. मोबाइलच्या बारक्या स्पीकरमधून खालचे सूर जवळपास येतच नाहीत. जनरेटरची घरघर, वाऱ्याचे धक्के आणि विजेचा ५० हर्ट्झचा हम्म तिथे ऐकू येत नाही, पण फाइलमध्ये असतो. तो छताखालची जागा खातो, कॉम्प्रेसरला (मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनाला) विनाकारण दाबायला लावतो, आणि घरच्या टीव्हीला मोठा स्पीकर जोडला की घुमायला लागतो. बोलण्यावर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावला की यातलं पुष्कळ जातं. हम्मचे जे सूर त्याहून वरच्या पट्टीत उमटतात, त्यांच्यासाठी वेगळा उपाय करावा लागतो. हेडफोनवर एक गोष्ट आवर्जून तपासा: आवाज दोन्ही कानांत आहे का? कॉलर माइक एकाच चॅनलवर आला असेल तर एका कानात बोलणं आणि दुसऱ्यात शांतता, असा व्हिडिओ निघतो. एकाच स्पीकरच्या मोबाइलवर ते लक्षातही येत नाही.

सल्ल्यात न लिहिलेली, पण सगळ्याच्या मुळाशी असलेली एक समजूत राहिली: लांबून घेतलेला आवाज एडिटिंगमध्ये वाढवला की जवळ येतो. वाढवताना बोलणं आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढतात. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे पत्र्यावरच्या पावसात घेतलेली मुलाखत १० डीबी चढवली, तर पाऊसही १० डीबी चढतो. गोंगाट काढणारी साधनं थोडी मदत करतात, जास्त ओढली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. फरक पडतो तो अंतराने. माइक बोलणाऱ्यापासून २ मीटरवर आहे, तो १ मीटरवर आणला की बोलणं साधारण ६ डीबी वाढतं, अर्ध्या मीटरवर १२, पाव मीटरवर १८, आणि पाऊस आहे तेवढाच राहतो. एवढी सुधारणा कुठल्याही सॉफ्टवेअरच्या पट्टीत नाही. त्यासाठी महागडं काही लागत नाही, वायरचा साधा कॉलर माइक पुरतो. फक्त घेताना पिन बघा. मोबाइलच्या माइकच्या गोल पिनेवर तीन रेघा असतात, कॅमेऱ्याच्या माइकवर दोन. दोन रेघांचा माइक थेट मोबाइलला लावला तर मोबाइल बहुधा आपल्या स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो, आणि पदराला लावलेला माइक चालूच नव्हता हे घरी आल्यावर कळतं.